दाढ काढल्यावरची पोकळी: ब्रिज, इम्प्लांट की राहू द्यायची तशीच? (कॅपबद्दलचे बाकीचे प्रश्नही इथेच)

शंकासूर

मंडळी, प्रश्न एका दाढेचा आहे, पण मतं इतकी मिळाली की डोकं भणाणलंय.

खालची डावी पहिली मोठी दाढ मुळापर्यंत चिरली म्हणून काढावी लागली. तिच्या मागच्या दाढेचं रूट कॅनल झालंय, कॅप बसवायची राहिली आहे. पुढची उपदाढ मात्र ठणठणीत, तिच्यात आजवर साधं फिलिंगही नाही. एका डॉक्टरांनी ब्रिज सुचवला: पुढच्या-मागच्या दोन्ही दातांना कॅप आणि मध्ये त्यांच्या आधाराने खोटी दाढ. दुसरे म्हणाले, मागच्या दाढेवर सुटी कॅप करू आणि पोकळीत इम्प्लांट. तिसरं मत घरात तयारच होतं: हसताना दिसत नाही ना, मग राहू दे तशीच.

मला खटकतंय ते हे, की ब्रिजसाठी धडधाकट दात घासून बारीक करायचा. शिवाय कॅप कशाची, झिरकोनिया (दातासारखं पांढरं, कणखर सिरॅमिक) की मेटल-सिरॅमिक, यावर जो तो छातीठोकपणे बोलतो, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळं. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी आणि ज्यांना यातलं कळतं त्यांनीही लिहा.

खटपट्या

ब्रिज करून टाका. इम्प्लांट म्हणजे आधी हाडात स्क्रू, मग काही महिने वाट बघा, मग वरचा दात. ब्रिज लवकर होतो, विषय संपला. माझ्या वडिलांचा ब्रिज मी शाळेत असल्यापासून तोंडात आहे, अजून त्याच बाजूने चावतात. इम्प्लांट हे नवीन फॅड आहे, जरा जुनं होऊ द्या. आणि मटेरियल म्हणाल तर डोळे झाकून झिरकोनिया.

दंतकथा

दातांचीच डॉक्टर आहे, म्हणून आधीच सांगते: एक्स-रे न बघता इथे निदान करणार नाही. विचार कुठून सुरू करावा एवढं लिहिते.

बहुतेक पेशंट पहिला प्रश्न मटेरियलचा विचारतात. तो खरं तर शेवटचा. आधी बघायचं ते पोकळीच्या दोन्ही बाजूंच्या दातांची अवस्था काय आहे ते. त्या दोघांमध्ये मोठी फिलिंग असतील, कडा तुटलेल्या असतील, कॅप तशीही लागणारच असेल, तर ब्रिज हा उत्तम उपाय. तीन कामं एकात होतात. पण तुमची उपदाढ कोरी आहे. पूर्ण कॅपसाठी दात चारही बाजूंनी आणि वरून कमी करावा लागतो, वरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर. दाताचा हिरडीबाहेरचा जो भाग असतो, त्यातला नेमका किती जातो हे वजन करून मोजलेलं आहे: पूर्ण सिरॅमिक कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के. इनॅमल परत येत नाही. एकदा घासलेला दात कायमचा कॅपवाला दात होतो.

शिवाय आत जिवंत नस असते. ब्रिजचा आधार झालेल्या जिवंत दातांपैकी साधारण दहात एकाची नस १० वर्षांत मरते, म्हणजे मग त्याचंही रूट कॅनल, तेही कॅपला भोक पाडून.

आता खटपट्यांच्या फॅडबद्दल. टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळतं हे ओळखून संशोधक ब्रॅनेमार्क यांनी स्वीडनमध्ये पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले ते १९६५ साली. फॅड साठीला आलंय. :)

टिकण्याचे आकडे बघायचे तर दोन्ही बाजूंनी आधार असलेला ब्रिज आणि एका इम्प्लांटवरची एक कॅप यांचं १० वर्षांचं प्रमाण जवळपास सारखंच येतं, दोन्ही सुमारे ८९ टक्के. त्यामुळे 'जास्त काय टिकतं' या प्रश्नाने निर्णय होत नाही. फरक आहे तो निकामी झाल्यावर काय जातं यात. इम्प्लांट गेलं तर ते एकटं जातं. ब्रिजचा एक खांब किडला किंवा चिरला तर तिन्ही युनिट काढावी लागतात आणि कधीकधी तो खांबही. तुमच्या बाबतीत मागचा खांब रूट कॅनल झालेला असेल, म्हणजे आधीच थोडा दुबळा, आणि त्याच्यावर दोन दाढांचा भार. मी तुमच्या जागी असते तर उपदाढेला हात लावू दिला नसता.

पण इम्प्लांट सगळ्यांना जमत नाही हेही खरं. हाड पुरेसं हवं, खालच्या जबड्यात नसेपासून अंतर हवं. साखर आटोक्यात नसेल, सिगारेट चालू असेल तर धोका वाढतो. हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधं, विशेषतः बिस्फॉस्फोनेट गटातली, घेत असाल तर ते आधी सांगायलाच हवं.

शंकासूर

सविस्तर प्रतिसादाबद्दल धन्यवाद. साखर नॉर्मल, सिगारेट नाही. 'तशीच ठेवली तर' यावर पण लिहा ना, घरी दाखवायचं आहे.

दंतकथा

घरच्यांचं मत अगदीच टाकाऊ नाही, फक्त ते चुकीच्या दाढेबद्दल आहे. नेदरलँड्समधल्या निमेगनचे दंततज्ज्ञ कायझर यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं की पुढचे सगळे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर मागच्या काही मोठ्या दाढांशिवायही बऱ्याच लोकांचं चावणं ठीक चालतं. त्यामुळे सगळ्यात मागची दाढ गेली, तिच्यामागे काही नाही, तर मीसुद्धा पुष्कळदा म्हणते की राहू दे.

तुमची पोकळी मधली आहे. मागची दाढ हळूहळू पुढे कलते. वरची दाढ, समोर टेकायला काही नाही म्हणून, खाली उतरते. कललेल्या दाढेच्या बगलेत अन्न अडकतं आणि कीड तिथून सुरू होते. सगळ्यांना हे सारख्याच वेगाने होत नाही, काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही. पण झालं तर नंतर इम्प्लांटला जागा उरत नाही, ब्रिजसाठी कललेला दात जास्त घासावा लागतो. आणि हाड तर झिजतंच: दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तिथली रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, त्यातला मोठा भाग पहिल्या काही महिन्यांतच. ब्रिजने दात भरून निघतो, हाडाची झीज थांबत नाही.

निशिगंध

ब्रिजबद्दल माझं रडगाणं. वरून बघाल तर चकाचक, पॉलिश सुद्धा गेलं नव्हतं. मग खालून एक वास यायला लागला, फ्लॉसचा दोरा फटीतून ओढला की जास्तच. ब्रिज काढला तर आतला एक दात कडेने मऊ झालेला, कापूस टोचावा तसा उपकरण आत जात होतं. बसवताना कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं की खालून साफ करायचं असतं. मी समजत होते खोट्या दाताला कसली आलीय कीड!

दंतकथा

निशिगंध, हे इतकं नेहमीचं आहे की काय सांगू. कॅपला कीड लागत नाही, पण कॅप जिथे संपते आणि खरा दात सुरू होतो, तो सांधा सगळ्यात नाजूक. कॅप कशाचीही असो, बहुतेक वेळा ती तिथूनच हरते. आणि रूट कॅनल झालेल्या दाताला कीड लागली तर दुखतही नाही, नसच नसते.

ब्रिजमधले दात एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे साधा फ्लॉस वरून खाली जाणार नाही. सुपरफ्लॉस नावाचा येतो, टोक कडक, मध्ये फुगीर स्पंजसारखा भाग. कडक टोक बाजूने घालायचं, खोट्या दाताखालून ओढून दोन्ही खांबांच्या बगला पुसून घ्यायच्या. दातांमध्ये घालायचा छोटा ब्रशही चालतो, फक्त फटीच्या मापाचा घ्या. पाण्याच्या पिचकारीचं मशीन चांगलं, पण त्याने चिकटलेला थर पूर्ण निघत नाही, सोबत घासणं हवंच.

कॅप बसवून झाली की डॉक्टरांना सांगा, 'आरसा द्या, हे कसं साफ करायचं ते माझ्याच हाताने करून दाखवा.' संकोच करू नका.

मेणाचा_दात

मी लॅबमध्ये काम करतो, तुमच्या कॅप आमच्या टेबलावर बनतात. मटेरियलवर बोलायचा मान माझा!

'डोळे झाकून झिरकोनिया' म्हणजे नक्की कुठलं? झिरकोनिया एक नसतं. इट्रिया (झिरकोनियात मिसळतात ते एक ऑक्साइड) कमी असलेलं जुनं पांढरटसर झिरकोनिया सगळ्यात दणकट, वाकवताना न तुटण्याची ताकद १००० मेगापास्कलच्या वर. त्यात इट्रिया वाढवलं की प्रकाश आरपार जातो, दात खराखुरा दिसतो, पण ताकद बरीच उतरते. लिथियम डायसिलिकेट नावाचं काचेसारखं सिरॅमिक याहून सुंदर, ताकद साधारण ४०० च्या आसपास, पुढच्या दातांना मला तेच आवडतं. मागच्या दाढेला, त्यातही झोपेत दात खाणाऱ्या माणसाला, दणकटवालं एकसंध झिरकोनिया. ज्या झिरकोनियावर वरून पोर्सिलेनचा थर चढवतात त्याचा थर टवके उडून जातो, गाभा शाबूत राहतो.

बनवण्याची गंमत: झिरकोनियाची चकती आमच्याकडे खडूसारखी मऊ येते. मशीन त्यातून कॅप कोरतं ती मुद्दाम २० ते २५ टक्के मोठी. मग भट्टीत १५०० अंशांच्या आसपास भाजली की ती आकसून बरोबर मापाची होते. पहिल्यांदा बघणारा माणूस म्हणतो, हा दात घोड्याचा आहे का?

मेटल-सिरॅमिकला लोक उगाच नाकं मुरडतात. आत धातूची टोपी, वर पोर्सिलेन. १९६० च्या दशकापासून चालू आहे, लांब ब्रिजमध्ये याच्याइतका जुना हिशेब कुणाकडे नाही. तोटे: हिरडी थोडी खाली सरकली की कडेला काळसर रेघ दिसते, आणि धातूत निकेल असेल तर ज्यांना नकली दागिन्यांनी खाज सुटते त्यांनी आधी सांगावं. आणि कुणाला दिसायचंच नसेल तर सगळ्यात मागच्या दाढेला सोन्याच्या मिश्रधातूची कॅप. दात कमी घासावा लागतो, कडा चपखल बसतात, समोरचा दात झिजत नाही. मागणी जवळजवळ शून्य, पण कारागिराला विचाराल तर स्वतःच्या तोंडात तीच बसवेल.

आणि हो, वॉरंटी कार्डावर भुलू नका. ते कॅपचं असतं. खालच्या दाताची वॉरंटी कुणी देत नाही.

खटपट्या

बरं बुवा, 'डोळे झाकून' मागे घेतलं. मेणाचा_दात, मग चांगलं काम आणि वाईट काम पेशंटला ओळखू कसं येणार?

मेणाचा_दात

बसवण्याआधी आरशात बघा. कॅप आणि दात यांच्या सांध्यावर नखाला किंवा जिभेला पायरी लागायला नको. शेजारच्या दाताशी फ्लॉस 'टक्' करून जायला हवा. सहज सरकला तर तिथे अन्न अडकणार, अजिबात गेला नाही तर कॅप नीट खाली बसलेलीच नसेल.

पुढच्या दाताचा रंग ठरवताना दिवसाउजेडी ठरवा, आणि अगदी सुरुवातीला, दात घासण्याआधी. तोंड उघडं ठेवून दात वाळला की तो असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो, मग कॅपही तशीच बनते आणि शिव्या आम्हाला. दात ब्लीच करून घ्यायचे मनात असेल तर कॅपच्या आधी करा, नंतर दोनेक आठवडे रंग स्थिरावू द्या. पोर्सिलेन ब्लीच होत नाही.

उंटावरचा_शहाणा

सगळं ऐकलं. माझा संशय वेगळा. रूट कॅनल झालं की कॅप हा जो 'नियम' आहे तो दाताच्या भल्यासाठी की गल्ल्याच्या? माझ्या पुढच्या एका दाताचं रूट कॅनल होऊन जमाना झाला, कॅप नाही, दात आहे तिथेच.

दंतकथा

संशय रास्त आहे, कारण नियम सरसकट लावला जातो. पुढच्या दाताला मागून छोटंसं भोक पाडून रूट कॅनल झालं असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर चांगलं फिलिंग पुरतं. तुमचा दात त्यातलाच दिसतो.

दाढेचं गणित वेगळं. तिच्यावर सरळ दाब येतो आणि वरचे उंचवटे एकमेकांपासून फाकायला बघतात. रूट कॅनलने दात 'सुकून ठिसूळ होतो' असं सांगतात ते फारसं खरं नाही; तो दुबळा होतो कारण कीड आणि वरून पाडलेलं भोक मिळून आतला आधार गेलेला असतो. अमेरिकेतल्या २००२ च्या एका अभ्यासात रूट कॅनलनंतर कॅप न केलेले दात कॅप केलेल्यांच्या सहापट प्रमाणात गमावले गेले होते. चीर उभी मुळात गेली की मग काही करता येत नाही. शंकासूर यांच्या मागच्या दाढेची कॅप म्हणूनच लांबवू नये, इम्प्लांटचा निर्णय व्हायचा तेव्हा होऊ दे.

मात्र दाढेलाही दरवेळी पूर्ण कॅपच हवी असं नाही. बाजूच्या भिंती चांगल्या असतील तर फक्त वरचे उंचवटे झाकणारा ऑनले चिकटवता येतो. दात पुष्कळ वाचतो. हा पर्याय कुणी आपणहून सांगितला नाही तर विचारा.

आणि याच्या उलट टोक: कधीकधी कॅप करण्याइतका दातच उरलेला नसतो. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दात हवा, ज्याला कॅप कवेत घेईल. सुताराच्या पटाशीच्या लाकडी मुठीला लोखंडी कडं असतं ना, ठोके बसले तरी मूठ फुटू नये म्हणून, तेच काम. हे नसेल तर मुळात पोस्ट, म्हणजे छोटी सळई, घालून वर बांधकाम केलं तरी पोस्टमुळे मूळ मजबूत होत नाही. पोस्ट फक्त बांधकाम धरून ठेवतो, आणि चुकीच्या जागी जाड पोस्ट ठोकला तर मूळच चिरतो. अशा वेळी 'हा दात वाचवण्यासारखा आहे का' हे आधी ठरवा. ते न ठरवता त्याच दातावर रूट कॅनल, पोस्ट, कॅप असे मजले चढवणं मला पटत नाही.

सावली

दंतकथाताई, माझ्या भाचीला वरचा सुळ्याशेजारचा छोटा दात जन्मतःच नाही. वय १५. इम्प्लांटला लहान आहे म्हणाले. काढता-घालता दात ती लावत नाही, लाजते. कोऱ्या दातांना घासून ब्रिज करायला माझी बहीण तयार नाही.

दंतकथा

बहिणीचं बरोबर आहे. इम्प्लांट हाडाला चिकटलेलं असतं, ते वाढत्या जबड्याबरोबर खाली येत नाही. बाकीचे दात सरकतात आणि हे वर राहून आखूड दिसायला लागतं. म्हणून जबड्याची वाढ थांबेपर्यंत थांबायचं.

तोवर, आणि बऱ्याचदा पुढेही, चिकटवलेला ब्रिज बघा. मेरीलँड ब्रिज म्हणतात. खोट्या दाताला मागच्या बाजूने पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या आतल्या बाजूला इनॅमलवर रेझिनने (दातांच्या खास गोंदाने) चिकटवतात. घासणं जवळजवळ नाहीच. पूर्वी दोन्ही शेजाऱ्यांवर पंख असायचे. अडचण अशी की दोन दात वेगवेगळे हलतात, एक पंख सुटतो, दुसऱ्याच्या जोरावर ब्रिज जागेवरच राहतो आणि सुटलेल्या पंखाखाली गुपचूप कीड लागते. आता पुढच्या दातांना एकच पंख पसंत करतात. तो सुटला तर अख्खा दात हातात येतो, पुन्हा चिकटवता येतो, दाताचं नुकसान नाही.

समोरच्या दातांचा चावा फार खोल असेल तर पंखाला जागा नसते, ते तपासून घ्या. ब्रेसेस लावून जागा बरोबर करणार असतील तर ते आधी. आणि एकच पंख असलेला हा प्रकार दाढांना मी सुचवणार नाही, तिथला भार वेगळा.

निशिगंध

अवांतर: नव्या कॅपनंतर त्या बाजूने चावलं की दुखतंय, 'सवय होईल' म्हणून सांगितलंय. होते का?

दंतकथा

हिरडीची सूज, थंड लागणं याला थोडे दिवस द्यावेत. पण दात टेकताच तोच आधी लागतोय, चावल्यावर ठणकतोय, तर कॅप उंच आहे. बधिर केलेलं असताना आपण नीट चावत नाही, म्हणून त्या दिवशी चावा तपासायच्या रंगीत कागदावर खूण बरोबर येते आणि घरी गेल्यावर कळतं. परत जा, केसभर घासलं की सुटतं. फक्त घासल्यावर तिथे पुन्हा पॉलिश करायला सांगा. खरखरीत राहिलेलं सिरॅमिक समोरच्या दाताला कानस लावतं. आणि झोपेत दात खात असाल तर रात्रीचा गार्ड करून घ्या.

नवा_गडी

धागा वाचतोय तोवर माझीच कॅप निघून हातात आली, खरंच! खालच्या दाढेची, जुनी. दुखत नाहीये. डॉक्टर दोन दिवस नाहीत. फेविक्विकने बसवू का?

मेणाचा_दात

नको!! त्याचा थर कॅपच्या आत घट्ट बसतो, मग कॅप पुन्हा नीट खाली जात नाही आणि तीच वापरता आली असती ती फेकावी लागते.

दंतकथा

फेविक्विक अजिबात नाही, दाताला आणि हिरडीला दोन्हीकडे इजा करतं. कॅप धुऊन डबीत ठेवा, कागदात गुंडाळू नका, कचऱ्यात जाते. आत डोकावून बघा: नुसतं सिमेंट दिसतंय तर बहुधा तीच परत बसेल. आत दाताचा तुकडा अडकून आला असेल किंवा काळं मऊ काही असेल तर खाली कीड आहे किंवा दात मोडलाय, मग दोन दिवसांच्या वर थांबू नका, दुसरीकडे दाखवा.

तोवर त्या बाजूने चावायचं नाही. उरलेला दात मऊ ब्रशने नेहमीसारखा घासा. औषधाच्या दुकानात तात्पुरतं दातांचं सिमेंट मिळालं तर त्याने दिवसा बसवता येईल, पण झोपताना काढून ठेवा, श्वासनलिकेत गेली तर भलतंच होईल. खूप दिवस रिकामं ठेवलं की शेजारचे दात सरकतात आणि तीच कॅप मग बसत नाही.

नवा_गडी

आत नुसतं पांढरं सिमेंट आहे, दात पिवळसर पण कडक लागतोय. डबीत ठेवली. परवा सकाळची वेळ मिळाली आहे.